नियंत्रण-जोडणीतला तोच दोष परत परत येतो तेव्हा : घरी बांधलेल्या हलक्या विमानांसाठी

घरी बांधलेल्या विमानांत एक तक्रार सारखी येते. स्टिकला, म्हणजे हातातल्या नियंत्रण-दांड्याला, मध्याजवळ थोडा प्ले (जोडांतली सैल हालचाल) जाणवतो, एखादा रॉड-एंड (पुशरॉडच्या, म्हणजे ओढ-ढकल पोचवणाऱ्या नळीच्या टोकाचा, गोळीवर फिरणारा जोड) बदलला की तो जातो आणि काही तासांच्या उड्डाणानंतर परत येतो. किंवा दर तपासणीला एकाच जागचा चेक नट (रॉड-एंडला नळीत जागेवर धरणारा नट) सैल सापडतो. तो पान्याने आवळला जातो, टॉर्क सीलची, म्हणजे नट हलला की तुटणाऱ्या रंगाची, नवी रेघ ओढली जाते, आणि पुढच्या तपासणीला ती रेघ तुटलेली दिसते. पुरेसे आटे पकडलेला, सरळ बसलेला आणि नीट आवळलेला चेक नट सहसा सैल पडत नाही. एकदा पडला तर आवळण्यात कसर राहिली असेल. दुसऱ्यांदा पडला, तर त्या जोडावर असा भार येतोय जो त्याने घ्यायचाच नव्हता. तो भार सापडेपर्यंत दुरुस्ती झालेली नाही.

खालचे आकडे सर्वसाधारण आहेत. किटच्या किंवा आराखड्याच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. आणि दोष सापडेपर्यंत विमान जमिनीवरच राहू द्या, धावपट्टीभोवतीची एक फेरीसुद्धा नको.

प्ले आधी मोजा, मग पाना उचला

या कामाला दोन माणसं लागतात. एकाने स्टिक लाकडी पट्टी आणि क्लॅम्प लावून मध्यावर पक्की बांधायची. दुसऱ्याने एलेव्हेटरची (शेपटीवरचा, नाक वर-खाली करणारा पृष्ठभाग) मागची कड दोन बोटांनी हलकेच वर-खाली करायची आणि कडेशी पट्टी धरून एकूण हालचाल मोजायची. जोर लावू नका. जोराने नळ्या आणि ब्रॅकेट लवचिकपणे वाकतात आणि तो आकडा प्लेमध्ये मिसळतो.

आकडा मिळाला की स्टिकपासून एलेव्हेटरपर्यंतची जोडांची साखळी एका टोकापासून धरा. प्रत्येक जोडावर बोटाचं टोक असं ठेवा की अर्धं रॉड-एंडच्या अंगावर आणि अर्धं फोर्कवर (रॉड-एंड ज्या दोन कानांच्या तुकड्यात बसतो त्यावर) येईल. दुसरा माणूस पृष्ठभाग हलवत राहील. ०.१ मिमीची हालचालही बोटाला कळते, डोळ्याला मात्र ती दिसत नाही. बेलक्रँकच्या (हालचालीची दिशा बदलणारा तुकडा) मधल्या बोल्टवर, आयडलरवर (पुशरॉडला मध्ये आधार देणारी भुजा), टॉर्क ट्यूबच्या (पिळाने हालचाल पोचवणारी नळी) बेअरिंगवर आणि एलेव्हेटरच्या बिजागऱ्यांवरही हेच करा. बिजागरीचा प्ले लोक हमखास विसरतात आणि पुशरॉडला दोष देतात.

एक रॉड-एंड बदलून प्ले का जात नाही, हे एका हिशेबातून कळतं. एलेव्हेटरच्या हॉर्नची (पुशरॉड जिथे जोडतो त्या भुजेची) लांबी ६० मिमी आणि बिजागरीपासून मागच्या कडेपर्यंतचं अंतर ३०० मिमी असेल, तर हॉर्नवरचा ०.१ मिमी प्ले कडेवर ०.५ मिमी होतो. साखळीत साधारण त्याच मापाच्या भुजांचे सहा जोड असतील आणि प्रत्येकात तेवढाच प्ले असेल, तर कडेवर ३ मिमी मिळतात. सहापैकी कुठलाही एक जोड एकटा पाहिला तर ठीकच वाटतो. म्हणून सगळ्या जोडांचे आकडे कागदावर लिहा आणि सगळ्यात मोठ्या आकड्यापासून सुरुवात करा.

टॉर्च लावून पावडर शोधा. स्टीलच्या जोडाभोवती तांबूस-तपकिरी भुकटी किंवा ॲल्युमिनियमच्या रिव्हेटमागे काळपट-करडी रेघ दिसली, की दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासताहेत हे नक्की. ती पुसण्याआधी फोटो काढा. पुसून पाच-दहा तासांनी परत आली तर जागा पक्की झाली.

रॉड-एंड आणि चेक नट

परत परत येणाऱ्या बहुतेक दोषांचं मूळ इथे असतं, म्हणून इथे घाई नको.

पहिली चाचणी साधी आहे, तरी ती फार कमी लोक करतात. स्टिक मध्यावर ठेवा, पुशरॉडची नळी दोन बोटांत धरा आणि तिच्याच अक्षाभोवती हलकेच फिरवून बघा. रॉड-एंडच्या गोळीवर ती थोडी इकडे, थोडी तिकडे फिरली पाहिजे. आता स्टिक पूर्ण पुढे नेऊन तेच करा, मग पूर्ण मागे. एलेरॉनसाठी (पंखांवरचे, विमान डावी-उजवीकडे कलवणारे पृष्ठभाग) पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे. ज्या जागी नळी अजिबात फिरत नाही, तिथे रॉड-एंडचं अंग फोर्कच्या बाजूला टेकलंय. तिथून पुढे तुम्ही स्टिकला जो जोर देता त्याचा काही भाग दांड्याला वाकवण्यात जातो. रॉड-एंडचा दांडा ओढ-ढकल सहन करायला बनवलेला असतो. वाकवणारा भार आला की आट्यांच्या मुळाशी, नेमकं चेक नटच्या कडेला, थकव्याचा तडा सुरू होतो. तडा पडण्याच्या बराच आधी तोच वाकवणारा भार चेक नटला डुलवतो आणि सैल करतो. दर वेळी सैल सापडणाऱ्या नटाचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

उपाय बहुतेक वेळा फुकट असतो. चेक नट आवळताना रॉड-एंडचं अंग दुसऱ्या पान्याने धरलेलं नसलं, तर नटाबरोबर तेही फिरतं आणि फोर्कमध्ये एका बाजूला टेकतं. दोन्ही टोकांचे रॉड-एंड आपापल्या फोर्कमध्ये मधोमध ठेवा, अंग पान्याने धरा, नट आवळा आणि तिन्ही स्थितींत नळी परत फिरवून पाहा. तरीही टेकत असेल तर फोर्क अरुंद आहे, ब्रॅकेट तिरकं बसलंय किंवा बेलक्रँकचं प्रतल चुकलंय. तिथे वॉशरची जागा बदलून किंवा जास्त कोन सहन करणारा रॉड-एंड लावून प्रश्न सुटतो. फोर्क कानसून जागा करणं हा शेवटचा पर्याय, तोही फोर्कची ताकद तपासूनच.

दुसरी गोष्ट आट्यांची पकड. किमान पकड दांड्याच्या व्यासाच्या दीडपट धरा. १/४ इंची दांड्याला ती ९.५ मिमी होते, म्हणजे इंचाला २८ आटे या मापात दहाच्या वर पूर्ण आटे. ३/१६ इंची दांड्याला ७.१ मिमी, इंचाला ३२ आटे या मापात नऊ. बाहेरून हे दिसत नाही, म्हणून बसवण्याआधी दांड्यावरच्या आट्यांची पूर्ण लांबी मोजून वहीत लिहा. बसवल्यावर बाहेर उरलेली लांबी त्यातून वजा करा. नळीच्या टोकाला तपासणीचं भोक असेल तर त्यात बारीक तार घालून बघा. तार आरपार जात असेल तर रॉड-एंड पुरेसा आत गेलेला नाही.

यातला सगळ्यात फसवा प्रकार जरा सविस्तर सांगतो. बहुतेक पुशरॉडच्या दोन्ही टोकांना उजवे आटे असतात. दोन्ही चेक नट सैल पडले आणि कंपनाने नळी हळूहळू फिरू लागली, तर एका टोकाचा रॉड-एंड आत जातो आणि दुसऱ्याचा तेवढाच बाहेर येतो. पुशरॉडची एकूण लांबी बदलत नाही. एलेव्हेटरचा कोन बरोबर, स्टिक मध्यावर, रिगिंगची (नियंत्रणं जुळवण्याची) सगळी मापं जागच्या जागी. फक्त एका टोकाची पकड दहा आट्यांवरून सातवर, सातवरून चारवर येत असते. उड्डाणात काहीच जाणवत नाही आणि एक दिवस ते टोक सुटतं. एका टोकाला डावे आणि दुसऱ्याला उजवे आटे असतील तर नळी फिरल्यावर लांबी बदलते, विमान एका बाजूला ओढतं आणि तुम्हाला आधीच कळतं. म्हणून सारख्या आट्यांच्या पुशरॉडवर केवळ कोन मोजून समाधान मानू नका. दोन्ही टोकांना बाहेर उरलेले आटे मोजा आणि मागच्या नोंदीशी ताडा. टॉर्क सीलची रेघ नुसती नटावर ओढू नका. ती रॉड-एंडच्या अंगावरून नटावर आणि तिथून नळीवर अशी सलग गेली पाहिजे, म्हणजे नळी फिरली तरी रेघ तुटेल.

तिसरी गोष्ट गोळी निसटण्याची. रॉड-एंड ब्रॅकेटच्या एकाच बाजूला, म्हणजे फोर्कशिवाय लटकता बसवला असेल, तर रेस (गोळीला धरणारी खोबण) झिजल्यावर गोळी त्यातून बाहेर येऊ शकते आणि अंग बोल्टवरून सुटून जातं. मोकळ्या बाजूला रॉड-एंडच्या अंगातल्या गोळीच्या भोकापेक्षा मोठ्या व्यासाचा वॉशर हवाच. ३/१६ इंची बोल्टसाठी एएन९७०-३ (एएन हे विमानाच्या सुट्या भागांचं मानक) हा ७/८ इंच व्यासाचा वॉशर त्यासाठीच वापरतात. गोळी निसटली तरी अंग अडकून राहतं आणि विमान खाली आणता येतं.

बोल्ट गोळीला घट्ट आवळून धरतोय ना, हेही पाहा. गोळी स्थिर राहून रेस तिच्यावर फिरली पाहिजे. गोळीऐवजी बोल्टच भोकात फिरत असेल तर बोल्टला कंबर पडते. बोल्ट काढून नखाने चाचपा, खाच लागली तर तो बाद. असं सहसा दोन कारणांनी होतं. स्पेसर आखूड पडलेला असतो, किंवा बोल्टची ग्रिप (आटे नसलेला भाग) लांब झाल्याने नट आट्यांच्या शेवटी जाऊन अडलेला असतो. हाताला घट्ट लागतं, पण जोड आवळलेला नसतो. एक पातळ वॉशर वाढवला की सुटतं.

औद्योगिक यंत्रांच्या सुट्या भागांत मिळणारे दिसायला तसेच रॉड-एंड इथे लावू नका. मापं जुळतात, पण धातूचा दर्जा आणि गोळी बाहेर न येण्याची ताकद लिखित स्वरूपात मिळत नाही.

बोल्ट, कॅसल नट, स्प्लिट पिन

नियम सरळ आहे. ज्या जोडात बोल्ट किंवा नट उड्डाणात फिरू शकतो, तिथे नुसता नायलॉन नट चालत नाही. कॅसल नट (वर खाचा असलेला नट) आणि त्या खाचेतून घालायची स्प्लिट पिन, किंवा नायलॉन नट वापरायचाच असेल तर त्याच्या जोडीला घर्षणावर न चालणारी दुसरी अटकाव-सोय. अमेरिकेच्या हलक्या विमानांच्या नियमांतल्या जुन्या भाग २३ मध्येही हेच होतं. बेलक्रँकचा मधला बोल्ट, स्टिकच्या तळाचा बोल्ट आणि हॉर्नचा बोल्ट या तिन्ही जागा यात येतात.

स्प्लिट पिन विसरली तर काय होतं, याचं मोठं उदाहरण मालवाहतुकीच्या विमानाचं आहे. १६ फेब्रुवारी २००० रोजी एमरी वर्ल्डवाइडचं फ्लाइट १७ हे डीसी-८ कॅलिफोर्नियातल्या मॅदर विमानतळावरून उडालं आणि लगेच कोसळलं. तिन्ही कर्मचारी गेले. एलेव्हेटरच्या उजव्या कंट्रोल टॅबचा (मागच्या कडेवरचा छोटा पृष्ठभाग) पुशरॉड सुटला होता, कारण त्याचा बोल्ट नीट अडकवलेला आणि तपासलेला नव्हता. विमान केवढंही असो, असा जोड एका बोल्टवर चालतो.

बोल्ट घालताना डोकं वर किंवा पुढे ठेवा. नट पडला तरी वजनाने आणि वाऱ्याने बोल्ट जागेवर राहण्याची शक्यता वाढते. आट्यांचा भाग भोकात टेकता कामा नये. तिथे गुळगुळीत ग्रिपच असली पाहिजे, नाहीतर आटे भोक कानसतात आणि महिन्या-दोन महिन्यांत प्ले परत येतो.

आवळण्याचे आकडे कोरड्या आट्यांसाठी असे : ३/१६ इंची एएन३ बोल्टला साध्या नटाने २० ते २५ इंच-पौंड, म्हणजे २.३ ते २.८ न्यूटन-मीटर, पातळ शिअर नटाने १२ ते १५ इंच-पौंड. १/४ इंची एएन४ ला ५० ते ७०, म्हणजे ५.६ ते ७.९ न्यूटन-मीटर, शिअर नटाने ३० ते ४०. नट मोकळा फिरवताना लागणारा जोर या आकड्यात मिळवायचा असतो. पिनचं भोक जुळेना म्हणून जास्त आवळू नका किंवा नट मागे घेऊ नका, वॉशर बदला.

नायलॉन नट हाताच्या बोटांनी शेवटपर्यंत फिरला तर फेकून द्या. स्प्लिट पिन एकदा काढली की परत वापरायची नाही. आवळल्यावर बोल्टचा किमान एक पूर्ण आटा नटाबाहेर दिसला पाहिजे.

पुशरॉड वाकतो, सरळ होतो, आणि कुणाला कळत नाही

स्टिक जोरात ओढल्यावर शेवटी स्पंजासारखं लवचिक वाटतं आणि जमिनीवर तपासलं तर सगळं ठीक सापडतं, ही तक्रार असेल तर लांब पुशरॉडच्या बकलिंगचा, म्हणजे दाबाने नळी मध्येच वाकण्याचा, हिशेब मांडा.

१ इंच बाहेरचा व्यास आणि ०.०३५ इंच जाडीची ॲल्युमिनियमची नळी घ्या. दोन्ही टोकांना पिन-जोड असताना १.५ मीटर लांबीला ती साधारण १,५८० न्यूटनला बकल होते. २ मीटरला हाच आकडा ८९० पर्यंत उतरतो आणि १ मीटरला ३,५५० च्या आसपास जातो. लांबी दुप्पट झाली की ताकद चौथाई. आता दुसरी बाजू. भाग २३ मध्ये पिचसाठी स्टिकवरच्या भाराची किमान मर्यादा १०० पौंड, म्हणजे ४४५ न्यूटन धरलेली होती. स्टिकची मूठ पिव्हॉटपासून ४५० मिमी वर आणि पुशरॉड १०० मिमी खाली असेल तर साडेचारपट, म्हणजे पुशरॉडवर २,००० न्यूटन. त्यावर १.५ चा सुरक्षा गुणक घेतला की ३,००० न्यूटन. दीड मीटरची ती नळी यात बसत नाही. व्यास वाढवा किंवा मध्ये आयडलर घालून लांबीचे दोन भाग करा.

बांधताना फ्यूजलाज लांबवलं, सीट हलवली आणि पुशरॉड "तेवढाच लांब" केला, असे बदल इथे अंगाशी येतात. आधीच ३-४ मिमी वाकलेली नळी तर या आकड्यांपेक्षाही लवकर जाते. नळी काचेवर लोळवून पाहा. उजेड दिसतो ती फट मोजा. नळी सरळ करून परत बसवू नका.

स्टीलची नळी आतून गंजते, बाहेरचा रंग चकाचक असला तरी. टोकं बंद करण्याआधी आत गंजरोधक तेल फिरवा. टोकाचे रिव्हेट करडे दिसत असतील तर आतला इन्सर्ट (टोकात बसवलेला आट्यांचा तुकडा) हलतोय. कार्बनच्या नळीत इन्सर्ट नुसता चिकटवलेला असू नये, त्याला रिव्हेट किंवा पिनची जोड हवी. आणि कार्बनला थेट लागलेलं ॲल्युमिनियम गंजतं, म्हणून मध्ये काचतंतूचा थर द्या.

केबल

केबल वारंवार सैल पडते तेव्हा आधी तापमान पाहा. ॲल्युमिनियम कार्बन स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ४ मीटर लांबीत २५ अंशांचा फरक पडला तर दोघांत सुमारे १.१ मिमीचं अंतर येतं. ॲल्युमिनियमच्या विमानात थंडीत केबल सैल पडते, उन्हात ताठ होते. लाकडी सांगाड्यात याच्या उलट, कारण लाकूड रेषांच्या दिशेने स्टीलपेक्षाही कमी बदलतं. पहाटे ताण लावून दुपारी "परत बिघडली" म्हणण्यात अर्थ नाही. पुस्तिकेतल्या तापमानाला, सावलीत काही तास उभ्या विमानावर, टेन्सिओमीटरने मोजा.

तापमानाचा हिशेब करूनही ती सैल होत असेल तर टोकं घसरताहेत. दाबलेल्या स्लीव्हच्या (केबलच्या फासाचं टोक धरणारी धातूची बाही) तोंडाशी केबलवर आणि स्लीव्हवर मिळून लाल रंगाचा ठिपका द्या. रंग फाटला की घसरण पक्की. १/८ इंची केबलच्या तांब्याच्या स्लीव्हवर तीन दाब द्यायचे असतात : आधी मधला, मग थिंबलकडचा (फासाच्या आतल्या धातूच्या कड्याकडचा), शेवटी मोकळ्या टोकाकडचा. प्रत्येक दाब गो-नोगो गेजने (दाब पुरेसा झाला का ते दाखवणारं माप) तपासा. दाबून झाल्यावर केबलचं टोक स्लीव्हबाहेर दीडेक मिमी दिसलं पाहिजे. दोन बोल्टांनी आवळायचं स्वस्त स्वेजिंग हत्यार वापरत असाल तर गेज आणखी जरुरीचं. नवं टोक विमानात बसवण्याआधी तुटण्याच्या ताकदीच्या ६० टक्के भार हळूहळू देऊन तीन मिनिटं धरा. १/८ इंची ७×१९ गॅल्व्हनाइज्ड केबलची ताकद २,००० पौंड, म्हणून चाचणीचा भार १,२०० पौंड, सुमारे ५४४ किलो. स्टेनलेसला ताकद १,७६० पौंड, त्यावरून हिशेब करा. ओढताना समोर कुणी उभं राहू नये.

तुटलेल्या तारा शोधायला केबलवरून फडका फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे बघा. हात उघडा वापरू नका. पुलीवरून जाणारा भाग पुलीवर असताना ठीक दिसतो. ताण काढून तो भाग बाहेर घ्या आणि हलकेच वळवा, म्हणजे आतल्या तुटलेल्या तारा उघड्या पडतात. बाहेरच्या तारा झिजून एकमेकींत मिसळल्यासारख्या चपट्या दिसल्या तर केबल बदला. पुलीच्या जागी एकही तार तुटलेली असेल तरी बदला. एवढ्याशा केबलसाठी मोजत बसण्यात शहाणपण नाही.

नवी केबल त्याच जागी परत झिजली तर दोष पुलीचा. पुलीवर पेनाने रेघ मारा आणि स्टिक हलवा. रेघ हलली नाही तर पुली जाम आहे आणि केबल तिच्यावरून घासत जातेय. केबल पुलीच्या प्रतलात येते का, तेही पाहा. तिरकी येत असेल तर खोबणीची एक बाजू चकचकीत झालेली दिसेल. फेअरलीडवर (केबल ज्यातून जाते तो मार्गदर्शक तुकडा) केबलची दिशा ३ अंशांपेक्षा जास्त बदलू देऊ नका. तिथे वळण हवं असेल तर पुली लावा. केबल पुलीवरून उतरू नये म्हणून लावलेल्या गार्ड पिनमधली फट केबलच्या जाडीच्या निम्म्याहून कमी असावी.

टर्नबकलच्या (फिरवून केबलचा ताण जुळवायचा जोड) दोन्ही बाजूंना मिळून नव्हे, तर प्रत्येक बाजूला बाहेर दिसणारे आटे तीनपेक्षा जास्त नकोत. ताण देण्यासाठी चौथा आटा बाहेर ठेवावा लागत असेल तर केबल आखूड पडली आहे.

भोकं लंबगोल होणं

टॉर्क ट्यूबवरचा बोल्ट कितीही आवळला तरी पिळाचा प्ले परत येतो, कारण भोक लंबगोल झालंय. आवळण्याने नळी चपटी होते, भोक गोल होत नाही. दोन्ही भाग एकत्र धरून भोक पुढच्या मापाला रीम करा (रीमरने नेमकं मोठं करा) आणि त्या मापाचा घट्ट बसणारा बोल्ट घाला. नुसतं ड्रिल मारून ठेवलेलं भोक पुन्हा ढिलं होईल. भोकापासून कडेपर्यंतचं अंतर मोठ्या मापाला पुरत नसेल तर भाग नवा बनवा. बेलक्रँकमध्ये दाबून बसवलेलं बेअरिंग बाजूला सरकत असेल तर गोंद घालून भागवू नका. स्टेकिंग (कड दाबून बेअरिंग पक्कं करणं) परत करा किंवा बेलक्रँक बदला.

ट्रिम टॅब : छोटा भाग, मोठा धोका

ट्रिम टॅब म्हणजे स्टिकवरचा सततचा जोर काढणारा, मागच्या कडेवरचा छोटा पृष्ठभाग. त्याच्या जोडणीतला प्ले हा त्रास म्हणून पाहू नका, त्यातून फ्लटर (पृष्ठभागाची आपोआप वाढत जाणारी थरथर) होतो. चांगली मर्यादा अशी : मागच्या कडेवर एकूण प्ले टॅबच्या बिजागरीमागच्या रुंदीच्या २.५ टक्क्यांहून कमी, तोही टॅब सर्वांत रुंद असेल तिथे. १०० मिमी रुंद टॅबला २.५ मिमी, ६० मिमीला जेमतेम १.५ मिमी. त्याहून जास्त सापडला तर विमान उडवू नका.

१६ सप्टेंबर २०११ रोजी अमेरिकेतल्या रीनोच्या विमान-शर्यतीत 'गॅलपिंग घोस्ट' हे सुधारित पी-५१ विमान कोसळलं आणि वैमानिकासह ११ जण गेले. चौकशीत निघालं ते हे : टॅबच्या स्क्रूंचे जुने लॉकनट पकड हरवून बसले होते, स्क्रू सैल पडले, टॅबचा ताठपणा कमी झाला, फ्लटर सुरू झालं आणि टॅबची जोडणी तुटली. म्हणून टॅबचे लॉकनट जुने वापरू नका. एलेव्हेटरला रंगाचा नवा थर दिला किंवा दुरुस्ती केली तर मास बॅलन्सही (बिजागरीभोवतीचं वजनाचं संतुलन) परत तपासा.

जाम होणं

जाम होण्याची कारणं बहुधा जोडणीच्या बाहेर असतात. पूर्ण हालचाल करताना सीट सगळ्यात पुढे, सहप्रवासी बसलेला, पट्टे बांधलेले, हेडसेटची वायर, कॅमेऱ्याचा स्टँड अशा सगळ्या स्थितींत तपासा. तळाशी पडलेली एक पेन्सिल स्टिकच्या फोर्कमध्ये अडकते. पंख उड्डाणात वाकतो आणि एलेरॉनचा पुशरॉड रिबच्या भोकाला घासू शकतो. एकाने पंखाचं टोक हलकेच वर धरावं आणि दुसऱ्याने एलेरॉन पूर्ण फिरवावा. स्टॉप आधी टेकला पाहिजे, पुशरॉड किंवा बेलक्रँक नव्हे. बेलक्रँक मृत बिंदूच्या (जिथे त्याची भुजा आणि पुशरॉड एका रेषेत येतात) पलीकडे गेला तर परत येत नाही.

आवरणातून जाणाऱ्या पुश-पुल केबलमध्ये पाणी शिरलं तर उंचीवर ते गोठतं. जमिनीवर मऊ आणि थंडीत जड लागत असेल तर हेच समजा. टोकाचे बूट (रबरी झाकणं) बदला आणि केबलही.

परत उडण्याआधी

जोडणी उघडली असेल तर दुसऱ्या माणसाने स्वतंत्र तपासणी करावी, ज्याने काम केलं त्याने नव्हे. स्टिक डावीकडे नेल्यावर डावा एलेरॉन वर. स्टिक मागे घेतल्यावर एलेव्हेटर वर. उजवा पेडल, रडर (शेपटीचा उभा पृष्ठभाग) उजवीकडे. "हलतंय" हे पुरेसं नाही, बरोबर दिशेला हलतंय का ते मोठ्याने बोला. मग एकाने पृष्ठभाग हातात धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने स्टिकवर बऱ्यापैकी जोर लावायचा. नुसता अडकून राहिलेला पण न जोडलेला बोल्ट या चाचणीत उघडा पडतो. शेवटी हत्यारं मोजा.

पहिल्या तासानंतर, मग दहा आणि पंचवीस तासांनी झाकण उघडून त्याच जोडाचे बाहेरचे आटे आणि रंगाची रेघ पाहा.

हवेत सुटलं तर

एलेव्हेटरची जोडणी सुटून तो मोकळा झाला असेल तर ट्रिम नेहमीच्या दिशेने काम करतो. एलेव्हेटर जाम झाला असेल तर टॅब स्वतःच छोट्या एलेव्हेटरसारखा वागतो आणि परिणाम उलटा मिळतो. नाक वर हवं असेल तर ट्रिमचं चाक नाक खाली करण्याच्या दिशेला फिरवावं लागतं. कुठला प्रकार आहे ते उंचीवर असतानाच थोडंसं ट्रिम फिरवून ओळखा. एलेरॉन गेले तर रडरने पंख सरळ ठेवता येतो, पण प्रतिसाद उशिरा येतो म्हणून लहान लहान दाब द्या. अचानक कंपन सुरू झालं तर पॉवर कमी करा आणि हळुवार नाक वर घेऊन वेग उतरवा. फ्लॅपने पिच बदलतो, म्हणून फ्लॅप न लावता लांब धावपट्टीवर, उथळ उताराने, थोडी पॉवर ठेवून उतरा.